निदानाने दिलेला शब्द

निदान म्हणजे रोगाला दिलेलं नुसतं नाव नव्हे. पुढे काय घडेल याचा तो शब्दही असतो. तो पाळला जातोय का, हे कुणी पाहिलं नाही, तर चुकीचं नावही वर्षभर खपून जातं.

समजा, सुरतच्या डिंडोलीत, खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या घरातल्या तिशीच्या बाईला जिना चढताना धाप लागते. खोकला, अंगात कणकण, एकदा थुंकीतून रक्त. आजूबाजूला कापडाचे लूम (यंत्रमाग), म्हणून धुळीचा संशय येतो; मग टीबीचा. दोन्ही रास्तच. पण धुळीचा त्रास गावी महिनाभर राहिल्यावर कमी व्हावा. टीबीत थुंकीत जंतू सापडावेत, किमान औषधाने ताप उतरून वजन वाढावं.

यातलं काहीच घडलं नाही की सीटी अँजिओग्राफी होते. फुप्फुसाच्या धमनीत रक्त अडलेलं दिसतं आणि तिसरं नाव येतं: गुठळी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते. गुठळीचाही शब्द असतो; बहुतेकांत काही महिन्यांत ती बरीच विरते. तसं झालं नाही, तर तोच सीटी पुन्हा, वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. गुठळी धमनीच्या पोकळीत असते. ताकायासू या दुर्मीळ आजारात धमनीची भिंतच सुजून जाड होते आणि पोकळी आवळत जाते. भिंतीकडे लक्ष गेलं नाही, तर दोन्ही सारखेच भासतात.

अंगातली सूज सुचवणारी ईएसआर ही रक्तचाचणी इथे फारसा निवाडा करत नाही. ईएसआर टीबीतही वाढतो. निवाड्याला मदत होते ती फुप्फुसाबाहेर. ताकायासू हा मोठ्या धमन्यांचा आजार. जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८मध्ये तो एका तरुणीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांतल्या बदलांवरून नोंदवला होता. मोठ्या धमन्या हातांकडे आणि मानेतही जातात, म्हणून दोन्ही मनगटांची नाडी पाहावी, मानेवर स्टेथोस्कोप ठेवावा, दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजून ताडावा. सुरतचं स्मीमेर रुग्णालय असो वा गल्लीतला दवाखाना, पट्टा दुसऱ्या दंडाला बांधायला मिनिटभर पुरतं. फुप्फुसापुरताच आजार असेल, तर मात्र हातांत काहीच सापडत नाही. मग पेट स्कॅन भिंतीतली सूज दाखवू शकतो.

सूज ताजी असताना स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं उपयोगी पडतात. भिंतीत व्रण पक्का झाला की ती तो पुसत नाहीत. टीबी लपलेला असताना स्टेरॉइड दिलं, तर तो उसळू शकतो. म्हणून घाईही नको.

दुर्मीळ रोग पहिल्याच भेटीत आठवावा, अशी अपेक्षा नाही. चिठ्ठी हातात घेताना रुग्णाने एवढंच विचारावं: “डॉक्टर, हे औषध लागू पडलं तर कधीपर्यंत काय बदलायला हवं?”