गोखल्यांचे 1.9 टक्के

जगाच्या यादीत भारत कितवा, हा प्रश्न आता आपल्या अंगवळणी पडला आहे. यादी जाहीर झाली की दोन दिवस वाद रंगतो आणि विरतो. मला मात्र अशा वेळी 18 मार्च 1910 चे कलकत्ता आठवते. त्या दिवशी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षण मोफत आणि टप्प्याटप्प्याने सक्तीचे करावे असा ठराव मांडला, आणि देशांची एक उतरंड वाचून दाखवली. लोकसंख्येपैकी किती जण शाळेत जातात? अमेरिकेत 21 टक्के, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडसारख्या देशांत 17 ते 20, जपानमध्ये 11, रशियात 4 ते 5. ब्रिटिश हिंदुस्थानात 1.9.

फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिलेल्या माणसाची ही मांडणी होती. पण तिचे बळ नुसत्या आकड्यात नव्हते. त्याआधी दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न 20 रुपये काढले होते आणि ते ठेवले होते तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशेजारी. कैद्यावर होणारा खर्च जास्त होता! दादाभाईंची तुलना असो की गोखल्यांची, जाब कोणाला विचारायचा आणि मागायचे काय, हे तिच्यातच ठरलेले असे. शिवाय शेजारी बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते, त्यामुळे ‘इथल्या लोकांना हे पेलणार नाही’ ही सबब टिकत नव्हती. तरीही गोखल्यांनी 1911 मध्ये आणलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले.

पुढे देश मोजायचे माप बदलले. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये बजावले होते की या आकड्यावरून लोकांचे बरे चालले आहे की नाही ते कळत नाही. तो इशारा बाजूला राहिला, आकडा तेवढा जगभर गेला. 1990 मध्ये पाकिस्तानचे महबूब उल हक यांनी मानव विकास निर्देशांक आणला, त्यात आयुर्मान आणि शिक्षण उत्पन्नाच्या बरोबरीने बसवले. अमर्त्य सेन यांना एवढा व्याप एका आकड्यात कोंबणे सुरुवातीला पटले नव्हते. हकांचे म्हणणे असे की उत्पन्नाच्या आकड्याला हटवायचे तर तेवढाच सुटसुटीत आकडा लागेल. मला दोघांचेही पटते. या निर्देशांकाच्या 2025 च्या अहवालात भारत 193 देशांत 130वा होता. पण त्याच तक्त्यात आयुर्मान 1990 मधल्या 58.6 वर्षांवरून 72 वर गेलेले दिसते, आणि त्यावर कोणी दोन मिनिटेही बोलत नाही.

कारण मधल्या काळात क्रमांक हेच ध्येय होऊन बसले. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत भारत काही वर्षांत 142 वरून 63 वर आला. ती पाहणी मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांपुरती होती. काही देशांच्या आकडेवारीत फेरफार झाल्याचे उघडकीस आल्यावर 2021 मध्ये ती यादीच बंद झाली. याच्या उलट, पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ परीक्षेच्या 2009 च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश तळाशी आले, तेव्हा प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराला धरून नव्हते असे म्हणत आपण पुढच्या फेऱ्यांना गेलोच नाही. प्रश्नपत्रिकेबद्दलच्या त्या आक्षेपात तथ्य असेलही. म्हणून आरसा भिंतीकडे वळवून ठेवायचा का?

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला, गोखल्यांच्या ठरावानंतर शंभर वर्षे आणि दोन आठवड्यांनी. आज पटावर जवळजवळ सगळी मुले आहेत, ही लहान गोष्ट नाही. पण मागे जव्हारजवळच्या एका शाळेत पाचवीतली एक मुलगी दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचत होती. बोट शब्दाखाली ठेवून, ओठ हलवत, जोडाक्षर आले की थांबून. ‘रस्त्यावर’ या शब्दापाशी ती तीनदा अडली. चौथ्यांदा तिने माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि बोट पुन्हा ‘र’खाली नेऊन ठेवले.