ईदच्या दिवशी मन उदास असेल तर?

ईदची नमाज होते, गळाभेटी होतात, शीरखुर्म्याच्या वाट्या घरोघर फिरतात. तरीही एखाद्याच्या मनाला आनंद शिवत नाही. मीरा रोडच्या शांती नगरसारख्या वस्तीचाच विचार करा. कुणाचे आईवडील दूर गावी, कुणाचा मुलगा आखाती देशात नोकरीला, तर कुणाच्या घरी गेल्या ईदला असलेले माणूस या ईदला नाही. अशा वेळी उदास होणे ही अल्लाहच्या कृपेशी कृतघ्नता ठरते काय?

पवित्र कुरआनातील सूरह यूसुफ वाचा. पुत्रवियोगाच्या दुःखाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे पडले. घरच्यांनी बोल लावला, तेव्हा आपण आपले दुःख केवळ अल्लाहपुढे मांडतो, असे ते म्हणाले. सब्र-ए-जमीलची कास धरणारे हे प्रेषित रडलेही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे नेत्रही पुत्र इब्राहीम यांच्या निधनसमयी पाणावले. अश्रू ईमानच्या विरोधात नाहीत. निराश होऊन अल्लाहच्या दयेकडे पाठ फिरवणे, हे मात्र ईमानला शोभत नाही.

पण सगळा भार दुःखी माणसावरच टाकायचा काय? सहीह बुखारीत हजरत आयेशा (र.) यांच्याविषयी नोंद आहे. घरात मृत्यू झाला की सांत्वनाला आलेल्या स्त्रिया परतत आणि जवळची माणसे तेवढी उरत. तेव्हा त्या तलबीना, म्हणजे पिठाची पातळ पेज, शिजवून घेत. तिने मनाला विसावा मिळतो व दुःख हलके होते, असे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते. वेळ लक्षात घ्या: गर्दी पांगल्यानंतरची!

वाचकहो, ईदुल फित्रच्या नमाजेआधी सदका-ए-फित्र देऊन आपण गरिबाच्या चुलीची काळजी घेतो. मग जिन्यापलीकडच्या एकाकी मनाची काळजी कुणाची? शेजाऱ्याचा हक्क धर्म विचारून ठरत नाही; दिवाळीत एकट्या पडलेल्या आजींचाही तो आहेच. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, त्यांचे दार ठोठवा. उपदेश करू नका. जवळ बसा, ऐका.

उदासी आठवडे टिकली, झोप व भूक हरपली, तर दुआबरोबर दवाही करा. उपचार घेण्याची शिकवण प्रेषितांचीच आहे. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य बोलता येते. मदत मागणे म्हणजे तवक्कुल सोडणे नव्हे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याचीच ती रीत आहे.