संगीतीच्या आधीचा महिना

बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पाचशे अर्हत राजगृहात जमले ते एका मोठ्या कामासाठी. गुरूचे शब्द विरून जाण्याआधी सर्वांनी मिळून म्हणायचे आणि पक्के करायचे होते. हाताशी वर्षावासाचे तीन महिने होते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात या पहिल्या संगीतीची हकीकत आहे आणि तिच्यात एक तपशील असा आहे, की त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंनी, ठरवले की पहिला महिना मोडक्यातोडक्या निवासांच्या दुरुस्तीला द्यायचा आणि पाठ मधल्या महिन्यात सुरू करायचा. कारणही तिथेच सांगितले आहे: भगवंतांनी फुटक्यातुटक्याच्या डागडुजीची वाखाणणी केली होती. पालीत या कामाला ‘खण्डफुल्लपटिसङ्खरण’ असा भारदस्त शब्द आहे. उपालीने विनय सांगितला आणि आनंदाने धम्म सांगितला, तो त्यानंतर. सगळे काही नाश पावणारे आहे हे ज्यांना पुरते उमगले होते, त्या माणसांनी आधी मोडलेले नीट केले. गळका नळ, ओल धरलेली भिंत, सैल झालेली बिजागरी यांच्याकडे पाहणे हा धर्माचा भाग आहे, की धर्माला बसण्यापूर्वी उरकायची कटकट? मला वाटते, घर नाशवंत आहे म्हणूनच त्याची निगा राखणे हे धर्माचे काम ठरते, आणि त्यातला थोडा तरी वाटा त्या घरात राहणाऱ्याच्या स्वतःच्या हातून व्हायला हवा.

आपल्याकडे नाशवंतपणाचा अर्थ बहुधा उलटा लावला जातो. देह म्हणजे भाड्याचे घर, संसार चार दिवसांचा, मग विटा-मातीत जीव कशाला गुंतवायचा, असे म्हणताना वैराग्य आणि आळस यांच्यातली सीमारेषा पुसट होते. कोकणातल्या जुन्या घरांना ही चैन कधी परवडली नाही. वैशाख आला की घर शाकारायचे: कौले उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, वासे ठोकून पाहायचे, वाळवीने पोखरलेली रीप बदलायची, पुन्हा कौले चढवायची आणि पावसाच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा बांधायचा. जमीन सारवायची ती तर बारा महिने. असे घर एकदा बांधून संपत नसे. ते दर वर्षी नव्याने करावे लागे. सिमेंट आल्यावर हे काम कायमचे सुटले असे लोकांना वाटले, पण सुटले नाही, नुसते लांबले. स्लॅबमध्ये पाणी मुरले की आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून ढकलले जाते, त्याला भेगा पडतात, पोपडे सुटतात. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे ते याचसाठी. मिलिंद राजाशी बोलताना भिक्खू नागसेनाने रथाचा दाखला दिला होता: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, हे सारे एका जुळणीत असते तोवर ‘रथ’ हे नाव चालते. घराचे तसेच आहे. फक्त ती जुळणी आपोआप टिकत नाही, कुणीतरी ती टिकवत असते, आणि ते कोण हा प्रश्न नागसेनाच्या दाखल्यापुढे उरतोच.

ते ‘कोण’ आपण स्वतः असावे, याचे कारण पैशाची बचत हे नाही. हाताने केल्याशिवाय कारण दिसत नाही, हे खरे कारण. ठिबकणारा साधा पिळायचा नळ घ्या. खालचा कॉक बंद करायचा, नळ उघडून उरलेले पाणी सोडायचे, पान्याने वरचा भाग सैल करून स्पिंडल बाहेर काढायचा. त्याच्या टोकाला नाण्याहून लहान रबरी चकती असते, तो वायसर. त्याच्यावर गोल चर पडलेला दिसतो. नळाच्या आतल्या ज्या कडेवर तो वर्षानुवर्षे दाबला गेला, तिचाच तो ठसा. नळ ठिबकायला लागला की घरातला प्रत्येक जण तो अधिक जोराने पिळतो आणि प्रत्येक पिळण्यागणिक तो चर खोल होत जातो. आपल्याच जोराने दुखणे वाढत होते, हे त्या चकतीवर बोट फिरवल्यावर जसे कळते तसे ऐकून कळत नाही. छतावरचा ओलीचा डाग तर याहून शिकवणारा. पाणी जिथे शिरते तिथेच डाग उमटतो असे नाही. ते स्लॅबमधून, वायरिंगच्या पाइपातून वाट काढत कुठेतरी लांबच बाहेर येते. डागावर रंगाचा हात मारला की थोडे दिवस तो झाकला जातो. उगम शोधायचा तर एकेक शक्यता बाजूला सारत जावे लागते: वापर नसताना डाग वाढतो का, पाऊस थांबल्यावर सुकतो का, वरच्या मोरीत पाणी साचवले की ओल येते का. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केल्यास दुःख थांबते, हा आर्यसत्यांचा क्रम पाठ असलेला माणूसही घरातला डाग दिसताच सरळ रंगाचा डबा आणतो. आणि आपली फरशी हे खालच्यांचे छप्पर असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सदनिकेच्या आतल्या गळतीची दुरुस्ती सभासदाकडे दिली आहे. नियमात ती खर्चाची बाब असली, तरी शेजाऱ्याच्या डोक्यावर आपले पाणी पडू न देणे ही त्याआधी अहिंसेची बाब आहे.

वैराग्याच्या बाजूने एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. ज्या गोष्टीवर हात फिरवतो तिच्यावर जीव जडतो. मग डागडुजी करता करता आसक्तीच वाढणार नाही का? वाढते, आणि विनयाला हे माहीत होते. आळवीच्या भिक्खूंची गोष्ट त्याच चुल्लवग्गात आहे. कुठे मातीचा गोळा लावला, कुठे भिंत सारवली, कुठे दार बसवले, एवढ्यावर भिक्खूंना त्या निवासाची व्यवस्था वीस-तीस वर्षांसाठी, काही वेळा तहहयात लावून दिली जाऊ लागली. बुद्धाने हे बंद केले. क्षुल्लक दुरुस्तीतून हक्क निर्माण होत नाही, असे ठरले. दुरुस्ती मात्र थांबवली नाही. उलट निवासाची निगा कशी ठेवायची ते बारकाईने सांगितले: कोळिष्टके काढावीत, गेरूच्या भिंतीवर डाग असेल तर फडके भिजवून, पिळून मग पुसावे. फडके पिळून घ्यायला सांगणारा शास्ता भिंतीच्या प्रेमात नव्हता. काम नीट करावे आणि ते आपले म्हणू नये, ही शिकवण हातात फडके असतानाच घेता येते. रिकाम्या हाताच्या माणसाला सोडण्यासारखे काही नसतेच.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो आपल्या मातीतून येतो. चोखोबांचा अंत मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली झाला असे परंपरा सांगते. कूस बांधण्यासाठी लावलेल्या मजुरांत ते होते, भिंत कोसळली आणि माणसे गाडली गेली. ज्या गावाच्या वेशीच्या आत त्यांना समान जागा नव्हती, त्या गावाची भिंत उभारताना ते गेले. अशा समाजात ‘हाताचे काम हीच पूजा’ म्हणणे सोपे आणि धोक्याचे आहे. पिढ्यान्पिढ्या काही जातींच्या माथी मारलेल्या कामाला वरून पावित्र्याचा मुलामा दिला, तर तो अन्यायाला लावलेला रंगाचा हातच होय. बायकांच्या सडा-सारवणाचेही तेच: त्याला पुण्य म्हटले गेले आणि म्हणून ते कुणी वाटून घेतले नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष माझ्या बाजूचा आहे. काम हलके ठरले ते करणाऱ्यावरून, आणि ते हलके राहिले कारण घराचा मालक त्याला हात लावत नव्हता. सावता माळ्यांचा मळा आणि गोरोबांचे चाक यांचे गुणगान ज्या घरात होते, तिथल्या कर्त्या पुरुषाला तुंबलेली मोरी काढायला हात घालवत नसेल, तर ते भजन गळ्याच्या खाली उतरलेले नाही. खंडेनवमीला कारागीर आपल्या हत्यारांना हळद-कुंकू वाहतो, कारण वर्षभर ती त्याच्या हातात असतात. इतर घरांत पक्कड, पाना, हातोडी, दोन मापांचे पेचकस, मोजपट्टी, टेस्टर आणि टेफ्लॉन टेपचे एक रीळ एवढे असले आणि ते घरातल्या मुली-मुलांना, बायका-पुरुषांना सारखेच वापरता आले, तर त्या दिवशी झेंडूचे फूल वाहायला त्या घराकडेही काहीतरी असेल.

मग प्लंबरने, गवंड्याने काय करायचे? त्यांची रोजी बुडवणारा हा विचार आहे, असेही म्हटले जाईल. वायसर बदलणाऱ्या घरांमुळे प्लंबर उपाशी राहील असे मला वाटत नाही. ज्याने स्वतः एकदा आटे साफ करून त्यांच्यावर टेप गुंडाळली आहे, तो कारागिराचे काम ओळखतो, मजुरीवर घासाघीस करताना दोनदा विचार करतो आणि चुकीचे काम झाले तर ते नेमके कुठे चुकले हे सांगू शकतो. मर्यादाही हातानेच कळतात. मेन स्विच बंद करून एखादे बटण बदलणे वेगळे, वायरिंग वेगळे. ते परवानाधारक माणसाचे. गॅसच्या जोडणीला हात लावू नये. कॉलमला भेग दिसली तर ती लिंपून टाकणे हा गुन्हाच समजावा, तिथे अभियंता हवा. परधर्म भयावह, हे इथे अगदी शब्दशः खरे आहे.

कान्हेरीच्या लेण्यांत नवव्या शतकातले, राष्ट्रकूटांच्या काळातले लेख आहेत. त्यांत दात्यांनी ठेवलेल्या रकमांचा विनियोग सांगताना भिक्खूंची चीवरे आणि ग्रंथ यांच्या रांगेतच विहाराच्या दुरुस्तीचीही तरतूद आहे. राजगृहाचा तो पहिला महिना इथे द्रम्मांच्या, म्हणजे त्या काळच्या नाण्यांच्या, हिशेबात उतरला आहे. स्वतःचे हात आणि दुसऱ्याला दिलेली मजुरी, दोन्ही वाटांनी तेच काम चालू राहिले. त्याच डोंगरात पावसाचे पाणी पोढ्यांकडे, म्हणजे खडकातल्या टाक्यांकडे नेणारे, खडकात खोदलेले चर आजही दिसतात. दर पावसाळ्यात त्यांत पाला आणि गाळ येऊन बसतो, आणि पाणी पुढे जायचे असेल तर तो कुणालातरी काढावाच लागतो.