खाणीचे उपपातक

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात उपपातकांची, म्हणजे दुय्यम पापांची, लांबलचक यादी आहे. गोवध आणि व्याजबट्ट्याच्या जोडीला तीत खाणींवर अधिकार गाजवणे, महायंत्रे चालवणे आणि सरपणासाठी ओली झाडे तोडणे हेही येते. महायंत्रे म्हणजे पाणी अडवणारे बांध, असा टीकाकार कुल्लूकाचा खुलासा. महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी ज्या ग्रंथाची होळी झाली, त्याला आज प्रमाण मानायचे कारण नाही. साक्षीला मात्र तो बोलावता येतो, कारण त्याने उभा केलेला एक वाद चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात अजून मिटलेला नाही. जाणूनबुजून केलेल्या पापाला प्रायश्चित्त असते का?

काहींच्या मते ते फक्त नकळत घडलेल्या पापाला असते. काही जण श्रुतीचा दाखला देऊन मुद्दाम केलेल्यालाही ते लागू करतात. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (1953) हा सारा खल मांडला आहे. खाण तर मुद्दामच खणतात. त्याहून गंमत अशी, की कोळसा मंत्रालयाच्या 2009 पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाण बंद करण्याचा आराखडा आधीच तयार करावा लागतो आणि त्यासाठीचा पैसा दरवर्षी एस्क्रो खात्यात भरावा लागतो. म्हणजे प्रायश्चित्ताचे हप्ते पातकाबरोबरच सुरू होतात!

प्रायश्चित्त सांगायचे कोणी? पूर्वी विद्वानांची परिषद बसे. आज तिच्या जागी प्रयोगशाळा आहे. नागपुरात नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे आणि चंद्रपूर-यवतमाळच्या खाणी चालवणाऱ्या वेकोलि या सरकारी कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच. उघड्या खाणीत कोळशावरचा दगड-मातीचा थर काढून बाजूला रचतात. विदर्भाची काळी माती त्या ढिगाऱ्यात गाडली जाते आणि खोलातला निर्जीव मुरूम वर येतो. त्यात पाणी टिकत नाही की सेंद्रिय द्रव्य सापडत नाही. नीरीच्या शास्त्रज्ञांनी कोळसा खाणीच्या 10 हेक्टर ढिगाऱ्यावर केलेला प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. सांडपाणी शुद्ध करताना उरणारा गाळ त्यांनी हेक्टरी 50 टन मिसळला, रायझोबियम आणि अझोटोबॅक्टर हे जिवाणू व मुळांशी सोयरीक करणारी मायकोरायझा बुरशी सोडली, मग झाडे लावली. जे सूक्ष्मजीव तिथे जवळजवळ नव्हतेच, ते भरघोस वाढले.

हे काम खरे आहे आणि थोर आहे. त्याला हरित देखावा म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा उन्हाळ्यात उघड्या ढिगाऱ्यावर उभे राहून पाहावे.

तरीही ती डागडुजीच. प्रायश्चित्ताला आणखी काही लागते: पातकाची उघड कबुली, पश्चात्ताप आणि पुन्हा असे करणार नाही हा निश्चय. तिसऱ्या अटीपाशी सगळेच अडते. एका ढिगाऱ्यावर रोपे मूळ धरतात तेव्हा दुसऱ्या खाणीत सुरुंग उडत असतात, आणि त्या कोळशावर चालणारी वीज आपल्याच घरात असते. परिषदेलाही शास्त्राने मोकळे सोडलेले नाही. धर्म न जाणता तो सांगणाऱ्यांच्या माथी ते पाप शंभरपटीने बसते, असा मनूचा इशारा आहे. प्रयोगशाळेने ‘जमीन सावरली’ असा दाखला देताना नेमके काय सावरले, हे म्हणूनच काटेकोरपणे सांगायला हवे. माती, की तिच्याशी बांधलेले गावही?

चोरीच्या बाबतीत तर नियम आणखी रोखठोक आहे: आधी वस्तू मालकाला परत, मग शुद्धीचे व्रत. कोळसाधारक क्षेत्र कायदा 1957 चा. त्याखाली संपादन झालेली जमीन चोरीची नव्हे, मोबदला दिलेली असते. पण कोळसा संपल्यावर ती कोणाची, हा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारच्या 2022 च्या धोरणानुसार अशा जमिनीची मालकी सरकारी कंपनीकडेच राहते. तिला ती भाडेपट्ट्याने देता येते: कोळसा धुण्याच्या प्रकल्पांना, रेल्वे सायडिंगला, वीजप्रकल्पांना, भरपाईच्या वनीकरणाला आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनालाही. जुन्या मालकाला कसायला शेत परत, हे कलम त्या यादीत नाही.