चौथाई

गिटारवादक जॉनी मारचा विषय निघाला की आमच्या ओळखीतले एक गृहस्थ हमखास म्हणतात, "गुणी माणूस, पण कुठे बस्तान बसलं नाही बघा." मारच्या पहिल्या गाजलेल्या बँडचे, स्मिथ्सचे, ते कडवे भक्त. मारने बँड सोडला तो १९८७ साली, तेवीस वर्षांचा असताना. गृहस्थांचा राग अजून ताजा आहे.

स्मिथ्सची कथा चाहत्यांना पाठ आहे: मँचेस्टर, गायक मॉरिसीचे शब्द, मारच्या चाली, चार अल्बम. पुढे मार प्रिटेंडर्सबरोबर थोडे दिवस, मग 'द द', न्यू ऑर्डरच्या बर्नार्ड समनरबरोबर 'इलेक्ट्रॉनिक', अमेरिकेत 'मॉडेस्ट माउस', आणि वेकफिल्डच्या तीन जार्मन भावांचा 'क्रिब्ज'. स्वतःच्या एकट्याच्या नावावर 'द मेसेंजर' आला तो थेट २०१३ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

बस्तानाच्या या तक्रारीवर माझं उत्तर ठरलेलं असे. वादक दोन जातींचे: घराचे मालक आणि संगतकार. तबलजी आज या गायकाबरोबर बसला, उद्या त्या, तर त्याला कुणी फितूर म्हणत नाही. मार जातिवंत संगतकार. लांबलचक सोलो वाजवून भाव खाणं त्याला कधी मानवलं नाही. त्याची गिटार गाण्याच्या अंगात मुरलेली असते. 'हाऊ सून इज नाऊ?'चा तो थरथरता, धपापणारा आवाज आठवा. अनेक ॲम्प्लिफायरांचा ट्रेमोलो हाताने जुळवायचा, लय सुटली की टेप थांबवायची आणि पुन्हा वाजवायचं, अशा खटाटोपातून तो निघाला. एवढं करून १९८४ मध्ये हे गाणं आधी आलं कुठे, तर दुसऱ्याच गाण्याच्या सिंगलच्या मागच्या बाजूला! रेकॉर्ड कंपन्यांच्या अकलेवर वेगळा लेख होईल.

गृहस्थ म्हणतात, राहिला असता तर आणखी दहा अल्बम झाले असते. कशावरून? बँडला धड मॅनेजर टिकत नव्हता. चाली बांधायच्या, गिटार वाजवायची आणि वर कारभारही बघायचा, हे सगळं या पोराच्या डोक्यावर. तो थकला होता. यावर गृहस्थांकडे उत्तर नसतं, म्हणून ते आवाज चढवतात.

पण माझ्या लाडक्या वर्गवारीला खरा धक्का त्यांनी दिला नाही, लंडनच्या हायकोर्टाने दिला. स्मिथ्समध्ये रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईची वाटणी अशी: मॉरिसी आणि मार चाळीस-चाळीस टक्के, बासवादक अँडी रूर्क आणि ड्रमर माइक जॉइस दहा-दहा. रूर्कने आधीच तडजोड केली होती. जॉइस लढला आणि १९९६ मध्ये जिंकला: चौघे समान भागीदार, सबब त्याला पंचवीस टक्के.

म्हणजे मालक आणि संगतकार हा भेद मी मारच्या बचावासाठी वापरत होतो आणि तोच भेद त्या चाळीस-दहामध्ये दडलेला होता. मार तिथे संगतकार नव्हताच. मालक होता, आणि लहानपणीचा शाळासोबती रूर्क त्याच्या घरातला संगतकार. गाणी रचणाऱ्याला रचनेचे पैसे वेगळे मिळतातच. वाजवण्याच्या वाट्यातही उतरंड का असावी, याला माझ्याकडे जबाब नाही.

त्यामुळे मारची पुढची भटकंती मला आता वेगळी दिसते. मॉडेस्ट माउसमध्ये तो पाहुणा म्हणून मिरवला नाही, बँडचा सदस्य झाला. २००७ चा त्यांचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. क्रिब्जमध्ये तर तीन सख्ख्या भावांत हा चौथा, वयाने थोरला आणि घरात नवखा. एक बँड चालवून झाल्यावर त्याला बँडमध्ये नुसतं असायचं होतं, असं मला वाटतं. ते मालकाला जमत नाही आणि भाड्याच्या वादकालाही नाही.

गृहस्थांना हे पटणार नाही. त्यांना स्मिथ्सच्या 'द क्वीन इज डेड' अल्बमसारखं आणखी काही हवं आहे, आणि त्या तोडीचं संगीत क्रिब्जबरोबर झालं नाही, हे मलाही कबूल आहे.