खिडकीबाहेरचा किलोभर गॅस

एसीतला गॅस वापरून संपत नाही. बंद नळ्यांच्या फेऱ्यात तो नुसता फिरत राहतो. खोलीतल्या कॉइलमध्ये उष्णता शोषून त्याची वाफ होते, कंप्रेसर ती वाफ दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये उष्णता टाकून तिचा पुन्हा द्रव होतो. नळ्या शाबूत असतील तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्र मोडीत निघेपर्यंत पुरायला हवा. तरी मुंबईच्या दहिसरला मार्च लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘चांगला एसीवाला आहे का कुणाकडे? गॅस भरून घ्यायचाय.’ तीन-चार नंबर येतात, कुणी दर सांगते आणि विषय संपतो. मागच्या उन्हाळ्यात भरलेला गॅस गेला कुठे, हे त्या गप्पांत कुणी विचारत नाही.

तो हवेत गेला, आणि त्याला दहिसरचा भूगोलही थोडा जबाबदार आहे. पश्चिमेला खाडी आणि तिवरे. मधून वाहते ती तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानातून येणारी दहिसर नदी. उद्यानात ती खरोखर नदी असते. वस्तीत शिरल्यावर तबेल्यांचे शेण आणि सांडपाणी वाहते. हवेतले मीठ आणि कुजणाऱ्या घाणीतून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड, दोघेही तांब्याचे वैरी. कॉइलच्या पातळ नळीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि गॅस महिनोन्‌महिने झिरपत राहतो. नाल्याकाठच्या इमारतींत कॉइल फार टिकत नाही, हे इथला कुठलाही मेकॅनिक सांगेल.

खरी दुरुस्ती वेळखाऊ असते. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून सिलिंडरमध्ये घ्यायचा, नायट्रोजन भरून गळती शोधायची, ब्रेझिंग करायचे, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची, मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. अर्धा दिवस जातो. प्रत्यक्षात नट सैल करून उरलेला गॅस सोडून दिला जातो, किंवा न सोडता वरून भर घातली जाते. गेजवर दाब दिसला की ‘हो गया साहब’. याचा दोष मी मेकॅनिकला देत नाही. चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर एका हाताने ग्रिल धरून काम करणाऱ्या माणसाला दिवसाला किती घरे झाली यावर पैसे मिळतात. शिल्लक गॅस खाली उतरवून आणला तर त्याचे त्याला कुणी काही देत नाही, आणि गिऱ्हाईकाला संध्याकाळपर्यंत थंडावा हवा असतो, तोही कमीत कमी पैशांत.

गेल्या पन्नासेक वर्षांत या गॅसवर जगाने जेवढा विचार केला तेवढा क्वचितच एखाद्या रसायनावर झाला असेल. १९७४ मध्ये शास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनचा थर खातात हे मांडले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे छिद्र जाहीर झाले. १९८७ च्या सप्टेंबरात माँट्रियल प्रोटोकॉलवर सह्या झाल्या. भारत लगेच आत गेला नाही. १९९० च्या लंडन परिषदेत पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनी मुद्दा लावून धरला की छिद्र श्रीमंत देशांनी पाडले, तर बदलाचा खर्च आणि तंत्रज्ञानही त्यांनी द्यावे. त्या परिषदेत निधीची व्यवस्था झाली आणि १९९२ मध्ये भारत सामील झाला. ती भूमिका योग्य होती असे मला आजही वाटते. फ्रिजमधला आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन आपण २०१० च्या मुदतीआधीच, दम्याच्या इनहेलरचा अपवाद ठेवून, १ ऑगस्ट २००८ पासून थांबवला. पाठोपाठ घरगुती एसीतल्या आर-२२ ची पाळी आली. १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांच्या उत्पादनात तो वापरता येत नाही. २०३० नंतर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडासा वाटा उरेल, तोही २०४० पर्यंत.

हे सगळे यशस्वी झाले, यात शंका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगाच्या बहुतेक भागांवरचा ओझोनचा थर २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल. यशाचे कारण साधे आहे. गॅस बनवणारे कारखाने जगात मोजके आहेत. तिथली तोटी बंद केली की काम झाले. म्हणून प्रोटोकॉलचा सगळा हिशेब कारखान्याच्या आणि बंदराच्या दाराशी होतो. बनवलेला अधिक आणलेला, वजा बाहेर पाठवलेला, वजा नष्ट केलेला, हा देशाचा वापर. खिडकीबाहेर हवेत सुटलेला गॅस या गणितात कुठेच येत नाही. तो विकला गेला त्याच दिवशी वहीतून उतरला.

पैसाही त्याच दाराशी येऊन थांबला. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपपदार्थ निघतो. तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदा हजार पटींहून प्रखर. तो जाळून टाकल्याबद्दल भारतीय कारखान्यांनी एके काळी परदेशातून कार्बन क्रेडिट मिळवली. शेवटी ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारने सांगितले, आता स्वतःच्या खर्चाने जाळा. कारखान्याला घाण न सोडण्याचे पैसे मिळू शकत होते. छज्ज्यावरच्या माणसाला ते कधीच मिळाले नाहीत. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात ते असे.

आता बदली गॅसांकडे वळू. आर-२२ च्या जागी आधी आर-४१०ए आला. त्याने ओझोनला धक्का लागत नाही, म्हणून डब्यांवर हिरवी पाने छापली गेली. पण शंभर वर्षांच्या हिशेबात आर-२२ चा एक किलो म्हणजे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइड, आणि आर-४१०ए चा एक किलो म्हणजे २,०८८. एका दुखण्यावरचे औषध दुसऱ्या दुखण्याला वाढवणारे निघाले. हे सुधारायला १५ ऑक्टोबर २०१६ रोजी किगालीत प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती झाली; भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. त्यानुसार भारताला २०२८ मध्ये हायड्रोफ्लुरोकार्बनचा, म्हणजे आर-४१०ए सारख्या गॅसांचा, वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. दरम्यान बाजार आर-३२ वर गेला. आकडा ६७५. डायकिन कंपनीने २०११ मध्ये विकसनशील देशांसाठी आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी त्याची पेटंटे खुली केली, त्यामुळे वाट सोपी झाली. आज दुकानात जो इन्व्हर्टर एसी दाखवतात त्यात बहुधा आर-३२ असतो. मात्र हा गॅस हवेत पाचेक वर्षेच टिकतो, म्हणून शंभर वर्षांच्या सरासरीत सौम्य भासतो. वीस वर्षांच्या हिशेबात हाच आकडा अडीच हजारांच्या घरात जातो. आणि आपल्या मुलांना ज्या वीस वर्षांची धग लागणार आहे ती हीच.

याहून चांगला पर्याय दूर नव्हता. विक्रोळीच्या गोदरेजने जर्मनीच्या जीआयझेड संस्थेच्या मदतीने २०१२ मध्ये आर-२९० वर चालणारा स्प्लिट एसी बाजारात आणला. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. तापमानवाढीचा आकडा ३. पेटंट नाही, वीजही कमी लागते. तरी देशातल्या बाकीच्या कंपन्या तिकडे वळल्या नाहीत आणि पुढे गोदरेजनेही आर-३२ ची मॉडेले काढली. कारण एकच सांगितले जाते: प्रोपेन पेटतो.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, पण तपासून घ्यावा असा आहे. ज्या घरात १४.२ किलोचा एलपीजी सिलिंडर ओट्याखाली असतो, तिथे तीन-चारशे ग्रॅम प्रोपेनची धास्ती विचित्र वाटते. एलपीजीमध्येही प्रोपेनच असतो, ब्युटेनसोबत. फरक असा की सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते. एसीची खोली मात्र बंद आणि आत माणूस झोपलेला. हवेपेक्षा जड असल्याने गळालेला प्रोपेन जमिनीलगत साचतो. म्हणूनच खोलीच्या आकारानुसार किती गॅस भरायचा याच्या कडक मर्यादा आहेत. खरा धोका यंत्रापेक्षा दुरुस्तीत आहे. नळी रिकामी न करता तिला टॉर्च लावायची सवय आर-२२ ने खपवून घेतली, आर-२९० घेणार नाही. (खपवून घेतली असेही म्हणता येत नाही. ज्वालेत सापडलेल्या आर-२२ पासून फॉस्जीन तयार होतो. वर्षानुवर्षे मेकॅनिक तो थोडाथोडा हुंगत आले. स्फोट झाला नाही एवढेच.) आणि आर-३२ काही न जळणारा नाही, तोही ज्वलनशीलच, जरा मंद. ज्या सवयीचे कारण देऊन आपण चांगला पर्याय नाकारला तीच सवय घेऊन आपण दुसऱ्या जळणाऱ्या गॅसकडे गेलो. त्यातून जुन्या यंत्रांत मिळेल तो नवा गॅस भरण्याचे प्रकार होतात. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपट, त्याला तेलही वेगळे लागते. आर-२२ साठी घडवलेल्या यंत्रात प्रोपेन भरणे तर उघड धोका.

२०१९ च्या भारतीय शीतलन कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. आयटीआयमध्ये दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड आहेच. पण शिकून आलेला मुलगाही त्याच बाजारात उभा राहतो, जिथे नीट काम केल्याने त्याची घरे कमी होतात. शिक्षणाने हात बदलतील. हिशेब बदलल्याशिवाय ते हात तसे वागणार नाहीत. काही जण म्हणतील की गॅसचे काय घेऊन बसलात, डहाणूला कोळशावर बनणारी वीज एसी आयुष्यभर ओढतो, ती जास्त मोठी. खरे आहे. फक्त वीज हळूहळू स्वच्छ होऊ शकते, आणि गॅस कमी पडलेला एसी तीच वीज जास्त खातो.

दहिसरमध्ये हा प्रश्न आता तातडीचा होणार आहे, आणि त्याला कारण आहे एक रडार. विमानतळ प्राधिकरणाच्या इथल्या केंद्राभोवती उंचीची मर्यादा असल्याने कित्येक जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास वर्षानुवर्षे अडकून पडला. ते केंद्र गोराईला हलवण्याचे सरकारने जाहीर केले आहे. ते झाले की तीन-चार मजली इमारती एकामागून एक रिकाम्या होतील. विकासकाशी होणाऱ्या करारात भाडे, कॉर्पस, वाहनतळ, सगळे येते. भिंतीवरच्या जुन्या एसीचे नाव नसते. ते भंगारवाला घेऊन जातो. त्याला तांबे हवे असते, म्हणून तो कटर लावतो, आणि एक ‘फुस्स’ होते.

साठ घरांची सोसायटी धरा, घरटी दोन जुने एसी, प्रत्येकात किलोभर आर-२२. ते १२० किलो म्हणजे २१७ टन कार्बन डायऑक्साइड. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो धरले, तर ही तीन लाख युनिटांची बरोबरी होते. महिन्याला तीनशे युनिट वापरणारी तीच साठ घरे सुमारे सतरा महिन्यांत तेवढी वीज जाळतील. इथे भंगारवाल्याचे काम दोन दुपारींत उरकते, आणि सोसायटीच्या छतावर सोलर पॅनेल बसवायचे की नाही यावर त्याच सभासदांची तीन वार्षिक सभांत भांडणे झालेली असतात.

यावर तोडगा शोधून काढायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात १९९३ पासून आयात होणाऱ्या गॅसवर थोडी पट्टी घेतात आणि त्या पैशातून परत आणलेल्या गॅसचे मेकॅनिकला किलोमागे पैसे देतात. अमेरिकेत १९९२ पासून हा गॅस मुद्दाम हवेत सोडणे गुन्हा आहे. दंडापेक्षा मला ऑस्ट्रेलियाची वाट आपल्याला जास्त जमेल असे वाटते. छज्ज्यावर इन्स्पेक्टर पाठवणे कुणालाच शक्य नाही, आणि पाठवला तर त्यातून काय निघेल हे मुंबईकराला सांगायला नको. पैसे मात्र छज्ज्यावर आपोआप पोचतात. नवा एसी विकताना शे-दोनशे रुपये अनामत घ्यावी आणि गॅस परत देणाऱ्याला वजनावर मोजावी. मग तो कंपनीचा मेकॅनिक असो, गल्लीतला असो की भंगारवाला.

धंद्याच्या नजरेनेही हे पटण्यासारखे आहे. काढून, शुद्ध करून पुन्हा भरलेला गॅस प्रोटोकॉलच्या हिशेबात नवे उत्पादन धरला जात नाही. २०३० नंतर आर-२२ दुर्मीळ होईल, पण तो लागणारी यंत्रे तेव्हाही चालू असतील. आज साठवलेला किलो तेव्हा विकता येईल. २०२८ च्या पुढे आर-३२ आणि आर-४१०ए चेही तसेच. भंगारवाल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तांब्याचा आजचा भाव त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. त्याला एक रिकव्हरी मशीन, एक रिकामा सिलिंडर आणि माल घेणारा कुणीतरी हवा आहे. मशीन आणि सिलिंडर बाजारात मिळतात. वजन करून गॅस विकत घेणारा माणूस मात्र दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे तरी मला अजून भेटलेला नाही.