आवडलेलं गाणं आणि न विचारलेलं नाव

डिसेंबर लागला की सगळ्यांच्या स्टेटसवर रंगीत चौकटी दिसायला लागतात. वर्षभरात सगळ्यात जास्त ऐकलेली पाच गाणी, पाच कलाकार, एकूण मिनिटं. स्पॉटिफायची ही वार्षिक यादी आता सणासारखी झाली आहे. माझ्या यादीत अजय-अतुल आहेत, आदर्श शिंदे आहे, संजू राठोड आहे, मध्येच रहमान डोकावतो. लोहाऱ्यातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांची यादी उन्नीस-बीस अशीच निघेल.

पण हे वर्ष मी फक्त कानात इअरफोन घालून काढलेलं नाही. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधी बायका गाताना ऐकल्या. सप्ताहात पहाटेचा काकडा ऐकला. गोंधळाला संबळ ऐकला, वरातीत हलगी ऐकली, जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीतं ऐकली. यातलं काहीही ॲपच्या यादीत येत नाही. यायचं कारणही नाही, कारण ॲप त्याच्याकडे वाजलेलंच मोजणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. पाच नामवंतांची नावं मला तोंडपाठ आहेत. ज्या आराधी मावशीचं गाणं ऐकून अंगावर काटा आला, तिचं नाव मला माहीत नाही. मग 'हे माझं आवडतं गाणं' असं म्हणताना मी तिचं काही देणं लागतो का?

नामवंतांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण ते देणं आपल्या वतीने दुसरं कुणीतरी फेडत असतं. गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं अशी नोंद होते. वर्गणीचे आणि जाहिरातींचे पैसे एकत्र होतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा, त्या प्रमाणात ते गाण्याच्या हक्कदारांकडे जातात. म्हणजे तुम्ही महिनाभर एकाच शाहिराला ऐकलं, तरी तुमची वर्गणी सगळी त्याच्याकडे जात नाही. २०२४ पासून तर आधीच्या बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा वाजलं नसेल, अशा गाण्याच्या रेकॉर्डिंगला स्पॉटिफाय पैसेच देत नाही. ही व्यवस्था न्याय्य आहे का यावर भांडता येईल. पण व्यवस्था आहे, आणि गाण्याबरोबर गाणाऱ्याचं नाव पडद्यावर दिसतं एवढं तरी ती करते.

रस्त्यावरच्या, देवळातल्या, मांडवातल्या गाण्याला अशी कुठलीच व्यवस्था नाही. तिथे ऐकणारा आणि गाणारा समोरासमोर असतात, मध्ये कुणी नसतं. त्यामुळे तिथलं देणं फेडायचं असेल तर ते आपल्यालाच फेडावं लागतं. आणि आपण काय करतो? मोबाईल वर करतो, तीस सेकंद शूट करतो आणि रील टाकतो. खाली इन्स्टाग्राम आपोआप लिहितं, 'ओरिजिनल ऑडिओ', आणि त्याला जोडलेलं नाव असतं टाकणाऱ्याचं. उद्या तो आवाज हजार जणांनी वापरला, तरी हजार ठिकाणी नाव दिसणार ते मोबाईल धरणाऱ्याचं. गाणारीचा आवाज सगळीकडे पोहोचतो आणि ती स्वतः कुठेच पोहोचत नाही.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. 'लोकगीताला मालक नसतो.' शब्दांपुरतं ते खरं आहे. देवीचं पद पहिल्यांदा कुणी रचलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या दिवशी, त्या उन्हात, बसलेल्या घशातून निघालेला तो आवाज एकाच बाईचा होता. कायद्यालाही हा फरक कळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क मान्य झाला. सादरकर्ता म्हणजे कोण, याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी आणि गारुडीसुद्धा आहेत. पद कुणाचंही असो, ते सादर करणं ज्याचं त्याचं असतं.

दुसरं उत्तर जास्त अवघड आहे, आणि ते मला त्या मावशीनेच दिलं. गाणं संपल्यावर मी विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?" ती हसली आणि म्हणाली, "नाव कशाला पायजे लेकरा? गाणं आईचं हाय." आई म्हणजे तुळजाभवानी. आता गाणारीलाच नाव नको असेल, तर मी कशाला एवढा हट्ट धरतोय?

यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, तिचं म्हणणं खरं आहे, पण ते तिने म्हटलं म्हणून खरं आहे. 'माझं नाव नको' असं म्हणायला आधी कुणीतरी नाव विचारावं लागतं. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. मी न विचारताच तिचं नाव गाळलं आणि वर 'यांना नावाची हाव नसते' असं म्हटलं, तर तो तिचा मोठेपणा उरत नाही, माझी सोय होते. शिवाय नाव नको असण्याची कारणं भक्तीपलीकडचीही असू शकतात. एखाद्या तरुण मुलीला आपलं नाव-गाव अनोळखी लोकांच्या मोबाईलवर फिरायला नको असेल. तिचा नकारही विचारल्याशिवाय कळणार नाही.

आणि भक्तीत नाव वर्ज्य असतं, असं तरी कुठे आहे? आपल्याच जिल्ह्यात तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांच्या अभंगांच्या शेवटी 'म्हणे गोरा कुंभार' अशी नाममुद्रा येते. तुकोबा, नामदेव, जनाबाई, सगळ्यांची मुद्रा आपल्या कानात बसलेली आहे. अहंकार सोडायला सांगणाऱ्या संतांनी आपलं नाव अभंगातच ओवून ठेवलं. गोरोबांच्या मुद्रेत तर नावाबरोबर धंदाही आहे. हा अभंग कुणी म्हटला आणि तो काय काम करून पोट भरत होता, हे सातशे वर्षं गाण्याबरोबरच चालत आलं. ज्यांची नावं कुणी घेत नव्हतं, त्यांना तर याची जास्त गरज होती. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत शेवटी 'वामन' भेटतो, तो मला त्यामुळेच महत्त्वाचा वाटतो.

नाव घेण्याची ही सवय गावात अजून जिवंत आहे. सप्ताहाची पत्रिका काढून बघा. कीर्तनकार, गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, अन्नदाते, काही वेळा मंडपवाला आणि साउंडवालासुद्धा. पण ही सवय सगळ्यांना सारखी लागू होत नाही. लग्नपत्रिकेत मामा-काकांची फौज असते, आणि ज्याच्या हलगीवर अख्खी वरात नाचते त्याचं नाव मी आजवर एकाही पत्रिकेत वाचलेलं नाही. कुणाचं नाव छापायचं आणि कुणाला नुसतं 'हलगीवाला' म्हणायचं, यामागे जातीचा जुना हिशोब आहे. आपण रील टाकताना नाव गाळतो, तेव्हा तोच हिशोब नव्या वहीत उतरवत असतो.

वेगळं करता येतं, याचा पुरावाही आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर आज त्या ऐकता-वाचता येतात. ओवी हे तर सगळ्यात बिननावाचं गाणं. पहाटे चुलीशेजारी, ऐकायला कुणी नसताना गायलेलं. तरीही तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. त्यामुळे आपण 'एक पारंपरिक ओवी' ऐकत नाही. एका बाईने तिच्या आयुष्यातून निवडलेली ओवी ऐकतो.

नामवंतांच्या बाबतीतही आपलं खातं कोरं नाही, हे सांगायला हवं. प्रल्हाद शिंदेंचा आवाज आपण झोपेतही ओळखू. पण त्यांचं 'पाऊले चालती पंढरीची वाट' दत्ता पाटील यांनी लिहिलं आणि मधुकर पाठक यांनी संगीतबद्ध केलं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? गाणं इतकं आपलं झालं की ते लिहिणारा माणूस दिसेनासा झाला. गाणं आपलं होणं ही त्याला मिळालेली सगळ्यात मोठी पावती आहे. पण पावतीवर ज्याचं त्याचं नाव असायला काय हरकत आहे?

मग नेमकं देणं काय? मला ते तीन गोष्टींत दिसतं. एक, शूट करण्याआधी विचारायचं आणि 'नको' म्हटलं तर मोबाईल खिशात ठेवायचा. दोन, टाकायचंच असेल तर गाणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायचं, त्यांनी सांगितलं असेल तसं. तीन, बिदागी. आराधी बाईच्या परडीत जोगवा टाकायची, गोंधळ्याला शिधा द्यायची आपल्या घरांची रीत आहेच. ॲपला महिन्याची वर्गणी न चुकता देणाऱ्या आपल्या पिढीला संबळ वाजवणाऱ्यासमोर सुट्टे नसतात, हे काही बरं नाही.

एवढ्याने लोककलावंतांचं पोट भरेल, असं मी म्हणत नाही. त्यासाठी मानधन, पेन्शन, कार्यक्रम, सरकार असं बरंच काही लागतं. पण तो मोठा प्रश्न सुटेपर्यंत आपल्या हातातला छोटा प्रश्न टाळायला आपण मोकळे होत नाही.

यंदा मी स्टेटसला ॲपची यादी टाकली. तिच्याखाली हाताने लिहिलेली दुसरी यादीही टाकली: कोणतं गाणं, कुणी गायलं, कुठे ऐकलं. काकडा म्हणणाऱ्या बाबांनी नाव तर सांगितलंच, शिवाय गुरूचंही नाव लिहायला लावलं. आराधी मावशीच्या ओळीत नावाची जागा रिकामी आहे. तिथे मी 'माहीत नाही' असं लिहिलेलं नाही. 'विचारलं, नको म्हणाल्या' असं लिहिलं आहे.